पल्याडची झोप

१० नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची लोणगव्हाणला. दिंद्रुडपासून पुढे ॲपे रिक्षा. रिक्षात मी, माझी वळकटी, पुस्तकांच्या दोन पिशव्या आणि कुणाची तरी शेळी. शेळीने वाटेत माझ्या ओढणीचं टोक चघळलं. तेलगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून रिक्षावाल्याने आडवाटेने आणलं. दोन्ही बाजूंना वेचायला आलेला कापूस, ऊन कोवळं, आणि मला सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

अंबाजोगाईच्या शाळेत मी अतिरिक्त ठरले तेव्हा सगळे हळहळले. चाळिशी उलटल्यावर एकटीने खेड्यात जायचं म्हणून. त्यांना सांगता आलं नाही, की आई गेल्यापासून त्या घरातून बाहेर पडायला मी निमित्तच शोधत होते.

सरपंच मोहनरावांच्या नव्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला दिल्या आहेत. फरशी चकचकीत, नळाला पाणी. खिडकीतून ओढा दिसतो आणि ओढ्यापलीकडे पत्र्याची घरं. त्या वस्तीला इथे नुसतं ‘पल्याड’ म्हणतात. ते सगळे ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कुलपं लावून निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि एखाददुसरं शाळेतलं पोर.

मोहनरावांच्या पत्नी रुक्मिणीकाकू. त्यांनी चहा दिला, जेवायला घातलं आणि माझी पूर्ण चौकशी केली. मोहनराव अभिमानाने सांगत होते, की या गावात कुणावर जबरदस्ती होत नाही. दर तीन आठवड्यांनी शनिवारी सभा. जे काही आहे ते तिथे मांडायचं, हात वर झाले की ठरलं. “आमच्यात लोकशाही हाय बाई, टीव्हीवरच्यासारखी न्हाई, खरी.” इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवते आहे, पुस्तकातलं गाव आज पहिल्यांदा पाहिलं.

आता गोळी घेऊन आडवी पडते. लागली झोप तर लागली.

१३ नोव्हेंबर

शाळा छोटी, पण नीटनेटकी. आठवीत जेमतेम दोन बाकं भरतात. मोहनरावांचा नातू युवराज हुशार आणि चुणचुणीत. माझ्या साडीचा काठ बघून, बाई तुमी पैठणच्या का, असं विचारत होता. पल्याडहून एकच मुलगी येते, वैष्णवी. आईबाप कारखान्यावर, ती आजीजवळ. ती मागे बसते, कमी बोलते आणि प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकते.

काकूंनी आज विचारलं, की डोळ्यांखाली एवढं काळं कशानं आलंय. त्यांच्या मायेने मला बोलतं केलं. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्या प्रत्येक हुंकाराला मी उठत असे. ती गेली, पण माझं ते उठणं राहिलं. गोळी घेतली तरी पहाटेपर्यंत कान उघडे. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, बघू आमी, गाव कशासाठी हाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सभेला बोलावलं होतं. दुपारची वेळ, शाळेचं पटांगण, लिंबाची सावली. बायका पुढे बसलेल्या, हे पाहून फार बरं वाटलं. मला खुर्ची दिली. मोहनरावांनी माझी ओळख करून दिली. बाई चांगल्या घरच्या हायत, आपल्या लेकरांसाठी आल्यात, त्यांची अडचण ती आपली अडचण. मग काहीतरी ठराव वाचला. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि गाणी लावलेली, मला धड ऐकू आलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या स्वागताचा ठराव असावा. काकूंनी कोपराने ढोसलं, म्हणून मीही हसत हसत हात वर केला. सगळे कौतुकाने बघत होते.

पेढा दिला. घरी येताना मला उगाच रडू येत होतं. इतक्या माणसांनी एकदम आपलं म्हणणं, हे माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

झोपले! गोळी विसरले होते आणि तरी झोपले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ऊन खिडकीतून अंथरुणावर आलं होतं.

स्वप्नही पडलं. उसाचा फड, वाढ्यांचा, उसाच्या शेंड्यांचा हिरवा वास, आणि एक किडकिडीत माणूस कोयत्याने कांड्यावरचे डोळे सोलून मला उसाची कांडी देतो आहे. दात पडलेले, हसणं लहान मुलासारखं. मी आयुष्यात कधी उसाच्या फडात गेलेले नाही. त्याने मला कुठल्या तरी दुसऱ्याच नावाने हाक मारली आणि मी ओ दिली.

२५ नोव्हेंबर

रोज झोप. गाढ, मऊ, तळाला जाऊन येते अशी. गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली. आरशात चेहरा भरल्यासारखा दिसतो. वर्गात मी आता चिडत नाही.

तो माणूस रोज येतो. काल बैलगाडीखाली सावलीत आम्ही बसलो होतो आणि लुगड्याच्या झोळीत बाळ निजलं होतं. तो ‘छबे’ म्हणतो. हे लिहायला लाज वाटते, पण दिवसा मला त्याची आठवण येते.

एक गंमत. या गावात कुणाला चष्मा नाही. मोहनरावांची आई नव्वदीच्या घरातली, ओट्यावर बसून तांदळातले खडे निवडते. लंगडणारं, खोकणारं, बहिरं असं माणूसच दिसत नाही. मी म्हटलं, हवा चांगली आहे. काकू म्हणाल्या, हवा न्हाई बाई, एकी.

२ डिसेंबर

आज आठवीला इंग्रजी राजवट शिकवली. सुरुवातीलाच युवराजने अडवलं, की आपल्याकडं इंग्रज कुटं हुते बाई, आपल्याकडं निजाम. बरोबरच होतं. मग मी त्यांना विचार करायला प्रश्न दिला. ज्या देशात लोक स्वतः मत देऊन आपलं सरकार निवडतात, त्या देशाने दुसऱ्यांच्या मुलखावर राज्य करावं, हे कसं काय?

युवराजला त्यात अडचणच दिसेना. त्याने विचारलं, त्येंच्या पार्लमेंटात ठराव झालता का? मी म्हटलं, व्हायचे. मग झालं की, तो म्हणाला. मी विचारलं, पण मत कुणाचं घेतलं? वर्गात खसखस पिकली. “त्येंचंच की बाई! ज्येचं घ्यायचं त्येलाच कोन इचारतं?”

सगळे हसत होते. मीही हसले असते, पण त्यांच्या हसण्यात खोडसाळपणा नव्हता. त्यांना माझा प्रश्न खरोखर विनोदी वाटला होता.

मग वैष्णवीने, आल्यापासून पहिल्यांदा, हात वर न करता बोलायला सुरुवात केली. तिने विचारलं, की त्या देशात एखादा भला माणूस आसंल, ज्येनं ठरावाला हात वर केला न्हाई. पण हिकडनं गेलेली साखर त्येच्याबी घरी जायचीच ना? मग त्येला त्येचा चहा गोड लागायचा का न्हाई?

घंटा झाली.

६ डिसेंबर, शनिवार

सभेला स्वतःहून गेले. चांगली पुढे बसले, सगळं ऐकू येईल अशी.

पानटपरीवाला उत्तरेश्वर. त्याचा गुडघा पावसाळ्यात दुखावला, तेव्हापासून काठी. त्याचं काम निघालं. मोहनरावांनी सरळ सांगितलं, की पल्याड भागवत म्हातारा एकटाच असतो, दिवसभर बाजेवर बसून, त्याला गुडघ्याचं काय काम. तरी सभेनं विचार करावा. कुणीतरी म्हणालं, लई दिवस वापरल्याला गुडघा हाय बे, बघून घे. उत्तरेश्वर म्हणाला, तुझ्या डोस्क्यापरीस कमीच वापरलाय. हशा झाला. हात वर झाले. उत्तरेश्वरचाही.

गावगाड्यातली काही थट्टेची रीत असेल असं मी स्वतःला सांगितलं. हात मात्र खाली ठेवला. का, ते माहीत नाही.

७ डिसेंबर

उत्तरेश्वर सकाळी दुधाच्या गाडीमागे पळताना पाहिला. काठी नव्हती.

९ डिसेंबर

वैष्णवीला सहज विचारल्यासारखं विचारलं, भागवत आजोबा बरे आहेत ना. ती म्हणाली, शनिवारपास्नं बसून सरकत्यात. मी पुढे विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की आजीला भेटायला या बाई, आजी लई दिवस झालं तुमची वाट बघती.

माझी वाट का बघावी? आम्ही कधी भेटलो नाही.

तिच्या आजीचं नाव विचारायचा धीर झाला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

पल्याड गेले.

ओढा कोरडा, पाय भिजला नाही. अलीकडे विहिरी काठोकाठ आणि पलीकडची विहीर तळापर्यंत भेगाळलेली. घरांना कुलपं. एका दारात म्हातारी बसली होती, भिंतीला टेकून, डोळे लाल आणि इतके ताणून उघडलेले, की पापण्या मिटायच्या विसरल्यासारख्या. तिने माझ्याकडे बघून हसून म्हटलं, “या. तोंड लई ताजं दिसतंय, बाई.”

वैष्णवीची आजी. छबुबाई.

तिने काही लपवलं नाही, तक्रारही केली नाही. सोयऱ्याची गोष्ट सांगावी तशी सांगत गेली. पहिल्यांदा सभेत ठराव करून विहीर नेली. तेव्हाही सगळे फडावर होते, आणि त्याच सभेत असंही ठरलं, की पल्याडचे हात मोजायचे नाहीत. मग कुणाची नजर, कुणाचा कान. माणसं परत आली की गाव समजावतं, ऊसतोडीनं अंग असंच झिजतं. आणि फडावर अंग झिजतंच, त्यामुळे आपलं काय झिजलं आणि काय नेलं हे त्यांना स्वतःलाच वेगळं करता येत नाही. तिचा मुलगा आणि सूनसुद्धा तेच म्हणतात. “माझी झोप गेली बाई. कुटं गेली, इचारू नगा. चांगल्या घरी गेली.”

मला उठून पळावंसं वाटत होतं. तिने माझं मनगट धरलं. रागाने नाही. तिला एकच विचारायचं होतं. तिचा नवरा, रामहरी, पंधरा वर्षांमागे गेला. तेव्हापासून तो रोज झोपेत यायचा. आता झोप नाही, तर तो येऊन परत जात असेल का? तुमच्याकडं येतो का, तिने विचारलं. काय म्हणतो?

मी सांगितलं. बैलगाडीची सावली. झोळीतलं बाळ. उसाची कांडी.

ती ऐकत होती आणि तिच्या त्या न मिटणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, डोळं सोलून देतो ना? पहिल्यापास्नंचं हाय त्येचं. माझ्या हिरड्या दुकायच्या.

१६ डिसेंबर

झोपायचं नाही असं ठरवलं. वापरली नाही तर परत जाईल. कॉफी, तोंडावर पाणी, उभ्याने वाचन. जमलं नाही. उशीला डोकं लागायच्या आधीच तो फडाच्या कडेला उभा होता.

आणि मला आनंद झाला. हे लिहिलंच पाहिजे. मला आनंद झाला.

१८ डिसेंबर

काकूंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, निवडत राहिल्या. म्हणाल्या, चोरी केली का कुणी? सभेनं ठरवलं. आणि ज्याला द्यायचं त्याचा स्वतःचा हात वर झाल्याबिगर ठराव लागतच नाही, इतकं आमचं काम स्वच्छ. “तुमचाबी हात हुता की बाई. हसत केला हुता.”

मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, आता हाय. झोप आली नव्हती का काल?

परत द्यायचं असेल तर? त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मांडा की सभेत, म्हणाल्या. कोन नको म्हणतं.

२७ डिसेंबर, शनिवार

आज सभा झाली. मी ठराव मांडला. छबुबाईंची झोप त्यांना परत करावी.

कुणी ओरडलं नाही. मोहनराव शांतपणे म्हणाले, की बाईंची भावना मोठी आहे. पण एकाचं परत केलं तर उद्या सगळ्यांचंच निघेल. आईच्या डोळ्यांचं निघेल. विहिरीचं निघेल. आणि पल्याडच्यांना ते सांभाळता आलं असतं, तर आपल्यावर ही वेळ आली असती का?

तेवढ्यात सुनिता उभी राहिली. शाळेत खिचडी शिजवते ती. तिचा धाकटा पहिलीत आहे, दिवसभर पटांगणात पळतो. त्याला मांडीवर ओढून घेत ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्येचा दमा गेलाय, बाई. दोन वर्षं झाली. ह्येचा श्वास परत करू का मी? तुमीच करा हात वर माझ्या नावानं.”

मूल माझ्याकडे बघून हसलं. मी त्याला अ आ शिकवते आहे.

ठरावाच्या बाजूने एकच हात होता. तोही पुरता सरळ नव्हता.

४ जानेवारी

आता रोज शाळा सुटली की पल्याड जाते. स्वप्नात जे दिसलं ते छबुमावशींना सांगते. याहून दुसरं काय परत देता येतं मला? त्या जेवत नाहीत, पण ऐकतात. मधेच हसतात, मधेच लाजतात. ते आमच्या लग्नाच्या सालचं हाय, म्हणतात. कालचं सांगताना मी चुकून ‘आम्ही’ म्हणाले. त्यांनी ऐकलं.

८ जानेवारी

तो आज मला ‘मंदे’ म्हणाला.

मंदाकिनी. माझं नाव. आई म्हणायची तसं.

छबुमावशींना सांगितलं, ‘छबे’ म्हणाला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

१२ जानेवारी

वैष्णवीच्या आईबापांना फोन लावला. कारखाना कर्नाटकात. मागे कोयत्यांचा आवाज. बाप म्हणाला, मुकादम सोडत न्हाई, आणि म्हातारं माणूस हाय बाई, झोप कमीच असती. मी सगळं सांगायला लागले. तो अवघडून हो हो म्हणत राहिला. शिकलेल्या बाईला काय झालंय, असा त्याचा आवाज.

गावात आता मला कुणी हसून बोलत नाही. मोहनरावांनी निरोप धाडला, की राहायचं कुठे ते ठरवा. पल्याड राहिलात, तर तुमचाही हात मोजला जाणार नाही.

त्याचा अर्थ मला कळतो.

१५ जानेवारी

वर्गात झोपले. फळ्यावर लिहिता लिहिता. मुलांनी उठवलं नाही. जाग आली तर खडू हातात.

१८ जानेवारी

पुन्हा. चुलीजवळ. पदर थोडक्यात वाचला.

माजलगावच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्त चांगलं, दाब चांगला. थकवा म्हणाले.

ही झोप पहिल्यासारखी नाही. तिला तळ नाही. तो फडात नसतो आता, ओढ्याच्या पात्रात उभा असतो, आणि चल म्हणतो.

२० जानेवारी

छबुमावशींचं अंग गार आहे. श्वास लागतो न लागतो असा. डोळे मात्र उघडे. वैष्णवी त्यांच्या पायाला तेल चोळत होती. म्हणाली, आजीचं सरलंय, पण आजी जाईना.

मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली. जायला बी झोपच लागती ना, बाई? ती तर तुमच्याकडं हाय.

तिच्या आवाजात दोष नव्हता. वर्गात उत्तर सांगते तसं सांगितलं.

आता कळलं, मला काय येतं आहे ते.

२२ जानेवारी

अंबाजोगाईला निघाले. दिंद्रुडच्या आधीच रिक्षात — रिक्षावाल्याला वाटलं मी गेले. माघारी आणून सोडलं.

गाव सोडलं म्हणून झोप सुटत नाही. ती माझी आहे. ठरावाने.

२४ जानेवारी

मोहनराव आणि काकू आले होते. दोघांचे डोळे भरलेले, आणि ते खोटं नव्हतं. मोहनराव म्हणाले, आमचंच चुकलं बाई, जुनी झोप दिली तुमाला, सरत आलेली. आता नवी बघू. वैष्णवीची हाय. तरणी हाय, साठ वर्षं तरी चालंल. सव्वीस तारखेला झेंडा झाला की तिथंच सभा. बाकीचे हात आहेतच.

तुमचा एक लागंल, काकू म्हणाल्या. माझ्या केसांवरून हात फिरवत.

मी नाही म्हणाले. मला वाटतं, मी मोठ्याने म्हणाले.

मला जगायचं आहे. हे कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. त्रेचाळीस हे काही — आईने सगळी वर्षं घेतली, आता कुठे माझी म्हणून —

वैष्णवी तेरा वर्षांची आहे.

२५ जानेवारी

घरात कडी लावून बसावं? पण झोपेत असताना कुणी प्रेमानेच माझा हात उचलून धरला तर? सुनिता धरील. काकू तर नक्कीच. जागी असले पाहिजे, सगळ्यांसमोर, डोळे उघडे. एवढा एकच ठराव पडायला हवा. मग येऊ दे झोप. छबुमावशींना सुटता येईल.

हे लिहिताना बरं वाटतं. धीट वाटतं. उद्याही असंच वाटेल असं —

२६ जानेवारी

झेंडा झाला. मुलांनी प्रतिज्ञा म्हटली. मला खुर्ची दिली आहे, तीच, लिंबाखाली.

वही आणली आहे. उजवा हात लिहिता ठेवायचा. लिहितो आहे तोवर वर जाणार नाही.

मोहनराव उभे राहिले. आज ट्रॅक्टर नाही. सगळं स्वच्छ ऐकू येतंय. नाव घेतलं तिचं. ती रांगेत उभी आहे, पांढरी रिबीन, पळाली का नाही ही पोर —

हात वर होतायत. काकू. उत्तरेश्वर. सुनिता रडते आहे आणि हात वर. युवराजचाही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघतायत. मायेने.

डोळे जड. लिही. लिहीत राहा. ऊन गोड आहे. पात्रात तो उभा आहे, हाक मारतोय — मला नको — मी अजून —

बोटं पेनावर आहेत. आहेत. डावा हात जड होता मघाशी, आता हलका का —

वैष्णवी, माझ्याकडे बघू नकोस, बाळा, मी हात